बिडाचं चाक आणि फुटलेला सांधा : कुपवाडच्या एका मशीन शॉपमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कास्टिंगवर (साच्यात ओतून केलेल्या भागांवर) मशीनिंग करणारं एक मध्यम आकाराचं शॉप आहे. तिथे मेंटेनन्सचं काम माझ्याकडे आहे. कंपनीचं नाव आणि पार्टचे तपशील मुद्दाम दिलेले नाहीत. बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहितोय, कारण आसपासच्या किती तरी शॉपमध्ये असाच कोबा (काँक्रीटची जमीन), अशाच ट्रॉल्या आणि अशाच दुरुस्त्या मी बघत आलोय.

कास्टिंग कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांतून ट्रकने येतात. ट्रकमधून क्रेनने ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून मशीनकडे, तिथून वॉशिंगला आणि शेवटी इन्स्पेक्शनला. आवक ते वॉशिंग अंतर साधारण ६० मीटर. एकूण १४ ट्रॉल्या. भरलेल्या ट्रॉलीवर ९०० किलो माल, ट्रॉलीचं स्वतःचं वजन १५० किलो. चाकं बिडाची, १५० मिलिमीटर व्यासाची आणि ५० मिलिमीटर रुंद, चारही फिरती, म्हणजे कुठल्याही दिशेला वळणारी. बिडाचं चाक स्वस्त, झिजत नाही, तेला-पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे ट्रॉल्या बनवून घेतल्या तेव्हा दुसरा विचार कुणी केलाच नव्हता.

खाली ट्रिमिक्सचा, म्हणजे व्हॅक्यूमने जादा पाणी काढून घोटलेला कोबा आहे. १५० मिलिमीटर जाड, एम-२५ काँक्रीट, दर चार मीटरला कटरने ग्रूव्ह मारलेला. हे ग्रूव्ह म्हणजेच सांधे, आणि सांध्यांमधला एकेक चौकोन म्हणजे पॅनेल. त्याखाली सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरूम, आणि त्याच्याही खाली आपल्या भागातली काळी माती. ही माती पुढे प्रकरणात येणार आहे.

अडचण

जून महिन्यात, दुपारच्या शिफ्टला, एक भरलेली ट्रॉली वॉशिंगच्या वळणावर सांध्यात अडकली. पुढचं चाक खड्ड्यात बसलं. मागून दोघांनी जोर लावला, ट्रॉली हिसका देऊन निघाली आणि वरच्या थरातलं एक कास्टिंग घसरून हेल्परच्या पायावर आलं. सेफ्टी शूज होते म्हणून बोटं वाचली. पोरगा चार दिवसांनी कामावर आला, पण त्या दुपारी शॉपमध्ये जी शांतता पसरली ती अजून आठवते.

ट्रॉली बाजूला घेतल्यावर मी तिथेच गुडघ्यावर बसून सांधा पाहिला. रोज त्यावरून चालत होतो, पण वाकून कधी पाहिलं नव्हतं. मूळचा ग्रूव्ह ५ मिलिमीटरचा. आता तो ४० मिलिमीटर रुंद झाला होता. दोन्ही कडा करवतीच्या दातांसारख्या तुटलेल्या, काँक्रीटमधली खडी उघडी पडलेली. आत तेलात मळलेला काळा चुरा. बोटावर घेतला तर काजळासारखा चिकटला, आणि चोळला तेव्हा त्यातले बिडाचे कण टोचले.

फॅक्टरी अ‍ॅक्ट, १९४८ च्या कलम ३२ मध्ये जमीन, जिने आणि ये-जा करण्याच्या वाटा भक्कम बांधणीच्या असाव्यात, त्यांची नीट देखभाल व्हावी आणि त्यांवर अडथळा किंवा घसरायला लावणारं काही असू नये असं स्पष्ट म्हटलं होतं (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता). ऑडिटच्या वेळी आम्ही हे कलम वाचत होतो ते तेल सांडण्याच्या अंगाने. तुटका सांधा त्याच कलमात येतो, हे त्या दिवशी उमगलं.

आधी काय करून पाहिलं होतं

हा सांधा दोनदा दुरुस्त झालेला होता, दोन्ही वेळा माझ्याच सहीने.

पहिल्यांदा आम्ही खड्डे झाडून सिमेंट-वाळूचा माल भरला. रविवारी भरला, सोमवारी ट्रॉल्या सुरू. तीन आठवड्यांत तो पापडासारखा सुटला. तेल मुरलेल्या काँक्रीटला नवा माल धरत नाही, आणि कडेला पातळ होत गेलेला थर चाकाखाली टिकत नाही. या दोन्ही गोष्टी कोणत्याही जाणत्या गवंड्याने सांगितल्या असत्या. आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा सांध्यात डांबर ओतलं आणि वळणावर ६ मिलिमीटरचा पत्रा अँकरने ठोकला. डांबर मऊ. पाणी अडवायला ठीक, पण चाक वरून जाताना सांध्याच्या कडेला आधार द्यायचा असतो, तो त्याच्याने होत नाही. पत्र्याचे अँकर ढिले झाले, कोपरा वर उचलला आणि त्याला अडखळायला लागलं. महिन्याभरात पत्रा काढून टाकला. अँकरची आठ भोकं कोब्यात राहिली आणि त्या आठही ठिकाणी पुढे खड्डे पडले.

दोन्ही वेळा आम्ही कोब्याकडेच बघत होतो. त्यावरून काय जातंय, हे तपासलं नाही.

मोजमाप

अपघातानंतर मालकांनी नवीन कोब्याचं कोटेशन मागवायला सांगितलं. मी आठ दिवस मागून घेतले. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा टप्पा हाच, आणि तो बरोबर पडला असं मला आजही वाटतं.

पहिली तपासणी अगदी साधी होती. ट्रॉली जॅकने उचलली, चाकाखाली पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवला, आणि ट्रॉली हळू खाली सोडली. पुन्हा उचलून कागद काढला. त्यावर उमटली होती एक रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. ५० मिलिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर रुंद. एवढ्याच जागेवर चाक टेकत होतं.

मग हिशेब केला. चार चाकांच्या ट्रॉलीचं वजन चारावर भागायचं नसतं. जमीन कधीच तंतोतंत सपाट नसते, एखादं चाक अधांतरी राहतंच, म्हणून तिनावर भागतात. १०५० किलोचे एका चाकावर ३५० किलो. त्या एक मिलिमीटरच्या पट्टीवर दाब येतो साधारण ७० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एम-२५ मधला २५ हा आकडा, म्हणजे काँक्रीट किती दाब सोसतं तो, त्याच एककातला. पॅनेलच्या मध्यभागी चारही बाजूंच्या काँक्रीटचा आधार असतो म्हणून ते लगेच चिरडत नाही, फक्त वरची साय घासत जाते. सांध्याच्या कडेला एका बाजूने आधारच नसतो. तिथे तुकडा उडणारच.

दुसरा हिशेब तर डोळे उघडणारा होता. मोकळ्या सांध्यावरून जाताना चाक किती खाली उतरतं, ते फटीच्या रुंदीच्या वर्गावर ठरतं. फट दुप्पट झाली की चाक चौपट खोल उतरतं. १५० मिलिमीटरचं चाक ८ मिलिमीटरच्या फटीत केसाएवढं, एका मिलिमीटरचा दहावा भाग उतरतं. ४० मिलिमीटरच्या फटीत पावणेतीन मिलिमीटर. म्हणजे पहिली काही वर्षं सांधा जवळजवळ दिसत नाही इतका हळू तुटतो आणि एकदा रुंद झाला की महिन्यांत ढासळतो. "गेल्या वर्षीपर्यंत तर ठीक होतं," असं सगळे म्हणत होते, त्याचं उत्तर इथे होतं.

तिसरी गोष्ट चुरा. बिडाचा चुरा मशीनखालून चपलांना, चाकांना लागून वाटेवर येतो. कडक चाक आणि कोबा यांच्यामध्ये तो आला की जात्यात धान्य यावं तसं होतं, फक्त इथे दळला जातो तो कोबा. चारही चाकं फिरती असल्यामुळे पोरं तीन ठिकाणी ट्रॉली जागच्या जागी गोल फिरवायची, आणि नेमक्या त्याच जागांवर कोब्यात बशीसारखे खोलगट वाटोळे खड्डे होते.

याच आठवड्यात ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी मला एक गोष्ट सांगितली. ते सगळ्यात जुने कामगार. म्हणाले, "साहेब, वॉशिंगजवळच्या त्या पॅनेलवरून भरलेली ट्रॉली गेली की सांध्यातून पाणी उडतं बघा." मी वहीत लिहून घेतलं आणि तिथेच सोडलं. वॉशिंगचं पाणी सांडतच असतं, असं मनात आलं. याची किंमत पुढे भरावी लागली.

पर्याय

मालक, प्रॉडक्शनचे साहेब आणि मी असे तिघं बसलो. नवीन कोबा आणि वर लोखंडी हार्डनर, हा पर्याय मालकांच्या मनात पक्का होता. हार्डनर चांगलाच असतो. ओल्या काँक्रीटवर शिंपडून घोटला की वरचा थर घासायला कठीण होतो. पण सांध्याची कड तुटते ती घासून तुटत नाही, आपटून तुटते. हार्डनरच्या कोब्यालाही ग्रूव्ह असतातच. त्यात तोडफोड आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) धरून महिनाभर वाट बंद राहणार. हीच चाकं नव्या कोब्यावर फिरणार असतील तर काही वर्षांनी पुन्हा इथेच येऊ, हे मी कार्बन पेपरचा कागद टेबलावर ठेवून सांगितलं. मालकांनी तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. नवीन कोब्याचा विषय त्या दिवशी बाजूला पडला.

फोर्कलिफ्टचं नाव निघालं, पण मशीनमधली वाट अरुंद आणि फोर्कलिफ्टच्या पुढच्या चाकांवर येणारं वजन ट्रॉलीच्या कितीतरी पट. माल ९०० वरून ६०० किलोवर आणायचा तर फेऱ्या दीडपट. प्रॉडक्शनने हात वर केले, आणि त्यांचंही बरोबर होतं. दोन हेल्परनी तेवढ्याच शिफ्टमध्ये दीडपट फेऱ्या मारायच्या म्हणजे पुन्हा घाई आणि पुन्हा अपघात.

राहिलं ते चाक आणि सांधा, दोन्ही एकत्र बदलणं. एकच केलं असतं तर उपयोग नव्हता. तुटक्या कडांवर मऊ चाक फाटतं, आणि चांगल्या सांध्याला बिडाचं चाक पुन्हा फोडतं.

काय केलं

चाकांपासून सुरुवात केली आणि पहिलाच डाव चुकला. खरेदी विभागाने नायलॉनची चाकं सुचवली. किंमत कमी, ढकलायला हलकी. दोन ट्रॉल्यांना लावली. पोरं खूश, कारण ट्रॉली खरंच सहज जायची. कार्बन पेपरवर मात्र रेघ एकाची तीन मिलिमीटर झाली, एवढाच फरक. नायलॉन बिडापेक्षा मऊ असलं तरी कोब्याच्या दृष्टीने कडकच. खडूने खूण केलेल्या कडा तुटत राहिल्या आणि सांध्यावरचा आवाज सगळ्या शॉपमध्ये घुमायचा. दोन महिने गेले.

रबराचा विचार तेलामुळे सोडला, साधं रबर कटिंग ऑइलने फुगतं. मग पॉलियुरेथेनची (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची) चाकं घेतली : आत बिडाचा गाभा, वर पॉलियुरेथेनचा थर, कडकपणा ९५ शोअर ए (रबरासारख्या वस्तूंचा कडकपणा मोजायचं माप). कार्बन पेपरवर रेघेच्या जागी बोटभर रुंदीचा ठसा उमटला, १२ ते १४ मिलिमीटरचा. म्हणजे कोब्यावरचा दाब दहाव्या भागाहूनही कमी. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पण पोरांनी तक्रार केली की ट्रॉली जड झाली. तक्रार खरी होती. मऊ चाक दबतं, दबलेलं चाक फिरवायला जोर लागतो. ट्रॉलीच्या हँडलला ताणकाटा अडकवून चांगल्या कोब्यावर मोजलं. जाग्यावरून हलवायला बिडाच्या चाकाला १८ किलोचा ओढा लागत होता, त्याच मापाच्या पॉलियुरेथेनला २७. दिवसभर ढकलणाऱ्याच्या कमरेला हा फरक फार मोठा आहे. कोबा वाचवायला माणसाची पाठ मोडायची नव्हती. म्हणून व्यास वाढवून २०० मिलिमीटर केला आणि सीलबंद बेअरिंग घेतलं. ओढा २१ वर आला. सांध्यावरून जाताना तर जुन्या बिडाच्या चाकापेक्षा कितीतरी कमी.

व्यास वाढवताना एक साधी गोष्ट सुटली. मोठं चाक, मोठा ब्रॅकेट, त्यामुळे ट्रॉलीचा माथा ५० मिलिमीटर वर गेला आणि वॉशिंग मशीनच्या रोलरशी उंची जुळेना. कास्टिंग सरकवण्याऐवजी उतरवावं लागायला लागलं. सहा ट्रॉल्या झाल्यावर हे लक्षात आलं. त्या सहांचे माथे कापून, खाली घेऊन पुन्हा वेल्ड केले. एक ट्रॉली पूर्ण करून ती सगळ्या वाटेवरून, सगळ्या मशीनला एकदा लावून बघितली असती तर हे काम वाचलं असतं.

याच वेळी चार फिरत्या चाकांऐवजी दोन स्थिर (फक्त सरळ जाणारी), दोन फिरती केली. जागच्या जागी गोल फिरवणं आपोआप थांबलं.

सांध्यांचं काम दिवाळीच्या सुट्टीत घेतलं. या वेळी घाई केली नाही. तुटलेल्या कडेपासून आत चांगल्या काँक्रीटपर्यंत जाऊन दोन्ही बाजूंनी कटरने सरळ काप घेतला, किमान २५ मिलिमीटर खोल, म्हणजे कडेला पातळ थर राहत नाही. तेल मुरलेलं सगळं काँक्रीट छिन्नीने काढलं. काळपट दिसतंय तोवर काढत राहायचं, पांढरट करडं लागलं की थांबायचं, हाच निकष. व्हॅक्यूमने धूळ ओढली, प्रायमर, मग इपॉक्सी आणि क्वार्ट्‌झ वाळूचा माल. तो घट्ट झाल्यावर मूळ रेषेत पुन्हा ग्रूव्ह मारला आणि त्यात अर्धकठीण इपॉक्सी फिलर कोब्याच्या पातळीपर्यंत भरला. कडेला आधार देण्याइतका कडक आणि काँक्रीटच्या हालचालीला थोडी जागा देण्याइतका मऊ, असा हा फिलर असतो. मूळ रेषेत ग्रूव्ह पुन्हा मारणं विसरलं तर काँक्रीट स्वतःच शेजारी नवी चीर पाडून घेतं.

खर्च नवीन कोब्याच्या कोटेशनच्या एक तृतीयांशाच्या आसपास गेला, चौदा ट्रॉल्यांची चाकं धरून.

परिणाम

दुरुस्त केलेल्या २२ सांध्यांपैकी २१ पुढच्या जूनपर्यंत जसेच्या तसे होते. खिळ्याने खरवडून बघितलं, कड जागेवर होती. शॉपमधला खडखडाट गेला. पहिल्या आठवड्यात प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले की ट्रॉली मागून आली तरी कळत नाही, म्हणून ट्रॉलीला छोटी घंटी बांधली. ट्रॉली अडकून माल घसरल्याची एकही नोंद नंतर झाली नाही.

बाविसावा सांधा जानेवारीतच सुटला. तोच, वॉशिंगजवळचा. फिलर लांब दोरीसारखा निघून आला. तेव्हा मला मामांचं वाक्य आठवलं. सांध्यावर मगभर पाणी ओतलं आणि भरलेली ट्रॉली वरून नेली. पाणी पिचकारीसारखं उडालं. पॅनेल खाली-वर होत होतं. हातोडीने ठोकून पाहिलं, तर कडेचा आवाज बद्द येत होता. वॉशिंगचं पाणी वर्षानुवर्षं सांध्यातून खाली मुरलं होतं, काळी माती फुगली-आकसली होती आणि मुरूम वाहून पोकळी झाली होती. हलणाऱ्या पॅनेलच्या सांध्यात कुठलाही फिलर टिकत नाही. ते पॅनेल फोडलं, भिजलेली माती काढली, मुरूम थरांथरांनी धुमसून भरला, सोलिंग केलं, शेजारच्या पॅनेलशी डॉवेल बार (लोखंडी सळ्या) घालून जोडलं आणि वॉशिंगच्या पाण्याला गटाराकडे उतार दिला.

चाकांच्या दोन तक्रारी राहिल्या. भरलेली ट्रॉली रविवारभर एका जागी उभी राहिली की चाक चपटं होतं आणि सोमवारी सकाळी पहिली काही मिनिटं ठक-ठक वाजतं. आता शनिवारी संध्याकाळी ट्रॉल्या रिकाम्या करूनच ठेवतात. दुसरी तक्रार म्हणजे मऊ थरात बिडाचा चुरा रुततो. रुतला की चाकच पॉलिश पेपरसारखं होतं. म्हणून प्रत्येक शिफ्टच्या शेवटी वाटेवरून चुंबकाचा झाडू फिरतो आणि सोमवारी प्रत्येक चाक हाताने फिरवून, रुतलेले कण पक्कडने काढले जातात. वॉशिंगच्या गरम, क्षाराच्या पाण्याजवळ असलेल्या दोन ट्रॉल्यांचा थर लवकर खराब झाला. तिथे पाण्याला जास्त टिकणारं, पॉलिइथर जातीचं पॉलियुरेथेन लावलं. पुरवठादाराला ही जात स्पष्ट विचारून घ्यावी लागते, नाहीतर मिळेल ते येतं.

पुन्हा करायचं झालं तर

मी कोटेशन मागवायच्या आधी ट्रॉली ढकलणाऱ्यांना एकत्र बसवेन आणि वाटेचा नकाशा जमिनीवर खडूने काढून, कुठे काय होतं ते त्यांच्याकडून लिहून घेईन. मामांनी जूनमध्ये दिलेली खबर मी जानेवारीत वापरली. मधल्या सात महिन्यांत त्या एका पॅनेलवर दोनदा खर्च झाला.

प्रत्येक सांध्यावर पाणी ओतून ट्रॉली नेण्याची परीक्षा फिलर भरायच्या आधी करेन. एका सांध्याला पाच मिनिटं लागतात. हलणारी पॅनेल वेगळी काढायची, त्यांचं काम आधी.

नायलॉनचा प्रयोग टाळता आला असता. कार्बन पेपर हातात होता. चाक ट्रॉलीला लावायच्या आधी, नमुन्याचं एकच चाक घेऊन ठसा बघितला असता तर दोन महिने वाचले असते. आता खरेदी विभागाकडे नियमच आहे की नव्या चाकाच्या कोटेशनसोबत नमुना येतो, आणि ठशाचा कागद फाइलला लागतो.

एक निर्णय अजून माझ्या मनात पक्का नाही. ९०० किलोची मर्यादा आम्ही तशीच ठेवली. चाकं आणि कोबा हे वजन पेलतात, ताणकाट्यावरचा आकडाही बरा आहे. पण मामा पुढच्या वर्षी रिटायर होतील आणि त्यांच्या जागी जो येईल त्याला ट्रॉलीची सवय नसेल. ७०० किलोवर आणून पाहायचं का, यावर प्रॉडक्शनशी बोलणं सुरू आहे. गणपतीनंतर दोन ट्रॉल्यांवर महिनाभर प्रयोग करायचं ठरलंय.